भाड्याची सायकल आणि खाडीचा काठ: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात नवी मुंबईच्या खाडीकाठाने सायकलवर फिरण्याबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. बहुतेकांचं म्हणणं फिरून फिरून एकच आहे, की सायकल विकत घ्यायची तयारी नाही, बिल्डिंगमध्ये ठेवायला जागा नाही, पण एखादी सकाळ तरी काढायचीय, तर भाड्याने घेऊन जमतं का. जमतं, छान जमतं. फक्त सायकल आपल्या मापाची घ्या आणि वेळ खाडीची बघून ठरवा, या दोन गोष्टींवर सगळा दिवस अवलंबून आहे आणि नेमकं त्यांच्याकडेच कोणी बघत नाही, सगळे आधी तासाचा रेट विचारतात.

ताई, आम्ही डोंबिवलीचे. नाशिकहून भाऊ, वहिनी आणि तेरा वर्षांची भाची येतायत. पाम बीच रोडवर सायकल चालवायची असं सगळ्यांनी ठरवलंय. कुठून सुरुवात करावी? (एक वाचक, डोंबिवली)

दादा, भाचीला घेऊन पाम बीच रोडवर नका जाऊ, हे आधीच स्पष्ट सांगते. फोटोत तो रस्ता सायकलसाठीच बनवल्यासारखा दिसतो, एका बाजूला खारफुटी, गुळगुळीत डांबर, सिग्नल कमी. पण सिग्नल कमी म्हणूनच गाड्या तिथे सुसाट येतात, आणि पहाटे रिकाम्या रस्त्यावर तर जास्तच. २०२४ च्या फेब्रुवारीत इंटेलचे भारतातले माजी प्रमुख अवतार सैनी नेरूळजवळ याच रस्त्यावर पहाटे सायकल चालवताना कॅबच्या धडकेने गेले. ते सराईत सायकलस्वार होते, सोबत ग्रुप होता. त्यामुळे 'आम्ही कडेकडेने जाऊ' यावर माझा भरवसा नाही.

आणि खरं सांगायचं तर तुम्हाला जे दाखवायचंय ते त्या रस्त्यावर नाहीच, ते रस्त्याच्या आजूबाजूला आहे. सीवूड्स-दारावे स्टेशनला उतरा, सायकली त्या भागातच घ्या आणि सेक्टरांच्या आतल्या रुंद रस्त्यांनी करावे गावाकडे या. पाम बीच फक्त ओलांडायचा, तोही सिग्नलला, सायकलवरून उतरून, हातात धरून. पलीकडे टी. एस. चाणक्य ही जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण देणारी संस्था आणि एनआरआय कॉम्प्लेक्स ही वसाहत, यांच्या बाजूची पाणथळ जागा आहे, तिथे थांबा, घाई करू नका. मग पुन्हा आतल्या रस्त्यांनी नेरूळच्या सारसोळे जेट्टीवर या, तिथे कोळ्यांच्या होड्या लागलेल्या असतात, जाळी सुकत असतात आणि समोर खाडी अगदी मोकळी दिसते. परत येताना ज्वेल ऑफ नवी मुंबई या तळ्याकाठच्या बागेला सायकली बाहेर लावून एक चक्कर पायी मारा. सगळं मिळून पंधरा किलोमीटरच्या आतच बसेल, मुलीला झेपेल आणि वहिनींना पण.

भावाला एक आवर्जून सांगा, करावे, सारसोळे, दिवाळे ही आगरी-कोळ्यांची गावं आहेत. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७० ची, शहर त्यानंतरचं, ही गावं त्याच्या कितीतरी आधीची. बाहेरचा माणूस नवी मुंबई म्हणजे टॉवर आणि मॉल धरून चालतो. गाडीतून तेवढंच दिसतं हो. गावाच्या गल्लीत गाडी शिरत नाही, सायकल शिरते.

भूक जास्त आणि पायात जोर असेल तर बेलापूरकडे दिवाळ्याला जा, तिथलं मासळी मार्केट सकाळी बघण्यासारखं असतं, पण त्या दिवशी सारसोळे सोडा, एका फेरीत दोन्ही कोंबू नका.

नमस्कार, मी ४६ वर्षांची आहे. मैत्रिणींबरोबर सायकल भाड्याने घेतली, अर्ध्या तासात गुडघे आणि कंबर दोन्ही धरलं. बाकीच्या मजेत होत्या. माझं वय झालं की सायकलच खराब होती? (एक वाचक, ऐरोली)

वय अजिबात नाही आणि सायकलही बहुतेक ठीकच असणार. सीट खाली असणार. भाड्याच्या दुकानात दहा जण रांगेत असतात, आधीच्या गिऱ्हाइकाने जिथे सीट ठेवली तिथेच ती असते आणि आपण दोन्ही पाय जमिनीला टेकतायत ना एवढंच बघून निघतो. तिथेच चुकतं. दोन्ही तळवे पूर्ण टेकत असतील तर सीट तुमच्यासाठी खाली आहे, मग प्रत्येक फेऱ्याला गुडघा छातीकडे वर येतो आणि सगळा भार त्याच्यावरच पडतो.

असं करा. भिंतीला किंवा मैत्रिणीच्या खांद्याला धरून सीटवर बसा, एका बाजूचं पायडल सगळ्यात खाली आणा आणि त्याच्यावर टाच ठेवा. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे. सरळ होत नाही, वाकलेलाच राहतो, तर सीट वर घ्या. टाच पोचवायला कंबर एका बाजूला कलंडतेय तर सीट खाली घ्या. हे माप बसलं की चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर येतो आणि गुडघ्याला आपोआप हवा तेवढा हलका बाक राहतो. थांबताना आता फक्त चवडे टेकतील, पहिली दहा मिनिटं भीती वाटेल, सीटवरून पुढे उतरून उभं राहायची सवय लावा म्हणजे ती जाते. सीटच्या दांड्यावर एक रेघ कोरलेली असते, त्या रेघेच्या वर दांडा बाहेर काढायचा नाही, रेघ दिसेपर्यंत काढूनही पाय वाकतच असेल तर ती सायकल तुमच्या मापाची नाही, दुसरी मागा. लाजायचं काही कारण नाही, पैसे आपण देतोय.

कंबरेचं कारण वेगळं असू शकतं, हँडल फार लांब असेल तर आपण ताणून पुढे वाकतो. आपल्याकडे हल्ली भाड्याला जाड टायरच्या, पुढे शॉकअप असलेल्या सायकली खूप दिसतात, त्या दिसायला दणकट पण डांबरी रस्त्यावर जड जातात. सपाट खाडीकाठासाठी हायब्रिड मागा, टायर मध्यम, हँडल सरळ, बसणं ताठ. मडगार्ड आणि पुढे टोपली असलेली साधी लेडीज सायकल मिळाली तरी पाच-सात किलोमीटरला उत्तम.

आता बाकीचं तपासायचं राहिलंच, ते इथेच सांगून टाकते कारण तीन-चार जणांनी विचारलंय. आधी चेनकडे बघा. खाडीच्या खाऱ्या हवेत उघड्यावर ठेवलेली सायकल फार लवकर गंजते, आणि चेन तांबूस, कोरडी, करकरणारी असेल तर त्या दुकानात बाकी काही वेळेवर होत असेल असं मला वाटत नाही, मी तिथून पुढच्या दुकानात जाईन. मग एकेक ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा, पुढचा दाबला की मागचं चाक उचलल्यासारखं झालं पाहिजे, मागचा दाबला की मागचं चाक घासत गेलं पाहिजे. ब्रेकची दांडी दाबल्यावर हँडलच्या मुठीला टेकत असेल तर वायर सैल आहे, तिथल्या तिथे घट्ट करून घ्या. चाक उचलून फिरवा, ब्रेकच्या रबराला एका जागी घासत असेल तर चाक आउट आहे. हवा अंगठ्याने दाबून कळते, नक्की किती भरायची ते टायरच्या कडेवरच लिहिलेलं असतं. आणि निघायच्या आधी सायकलचे चारी बाजूंनी फोटो काढा, दुकानदाराच्या समोरच काढा, परत देताना ओरखड्यावरून वाद होत नाही.

आधार कार्ड ओरिजिनल ठेवून घेतात, ते ठेवावं का? (एक वाचक, कोपरखैरणे)

नाही. ओरिजिनल कोणाकडेच ठेवायचं नाही. आधारच्या साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड होतं, त्यात नंबराचे शेवटचे चारच आकडे दिसतात, त्याची प्रिंट द्या आणि डिपॉझिट म्हणून पैसे द्या, त्याची पावती किंवा निदान मेसेज घ्या. तरी अडून बसले तर दुकान बदला.

ई-सायकलला लायसन लागतं का? आणि बाबा म्हणतात सरळ स्कूटर भाड्याने घे. (एक वाचक, वाशी, वय १७)

मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि वजन ६० किलोच्या आत असेल तर ती नियमाप्रमाणे मोटार वाहन धरत नाहीत, म्हणजे लायसन नाही, नंबर प्लेट नाही. हेल्मेट मात्र घाल, कायद्यासाठी नाही, डोक्यासाठी. २०१८ मध्ये महापालिकेने शहरात ॲपवरच्या साध्या सायकली आणल्या, नंतर ई-सायकलीही आल्या, तेव्हापासून बऱ्याच जणांनी ही चालवून पाहिलीय, पारसिक हिलसारख्या चढाला तिचा उपयोग होतो, सपाटीला तुझ्या वयात गरज नाही.

स्कूटरचं म्हणशील तर तुझं वय अठरा होईपर्यंत तो विषय नाही. बाबा स्वतः घेणार असतील तर त्यांना नंबर प्लेट बघायला सांग, भाड्याने चालवायला द्यायच्या परवानगीची गाडी असेल तर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची कोणाची तरी घरची गाडी भाड्याने घेतली आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात.

ताई, फ्लेमिंगो बघायला म्हणून रविवारी सकाळी सहाला सायकल घेऊन नेरूळला पोचलो, तलाव रिकामा! त्याच आठवड्यात मित्राने दुपारी तिथेच शेकडो पाहिले. सीझन तोच, जागा तीच, मग असं कसं? (एक वाचक, ठाणे पश्चिम)

तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण याचं उत्तर भरतीत आहे आणि घड्याळ बघून निघणाऱ्या आपल्या सगळ्यांना त्याचा विसर पडलाय.

फ्लेमिंगो चरतात ते खाडीतल्या चिखलावर, ओहोटी लागली की उघडा पडतो त्या. शेवाळ आणि बारीक जीव, हे त्यांचं खाणं. भरती आली, चिखल बुडाला की त्यांना उभं राहायला उथळ पाणी लागतं, तेव्हा ते उडून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येतात. म्हणजे ओहोटीला ते आत खाडीत, काठावरून लांब गुलाबी रेघ दिसली तर दिसली, आणि भरतीला ते तुमच्या समोर. तुम्ही गेलात तेव्हा ओहोटी असणार, मित्र गेला तेव्हा भरती.

भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, मोबाइलवर मिळते. पण कोकणकिनाऱ्यावर जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. दशमीला साडेसात. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला नि अवसेला सव्वाअकरा-बाराच्या आसपास, आणि सहा तास मागे गेलात की सकाळी सहाला नेमकी ओहोटी. हा अंदाज आहे, खाडीत आत पाणी चढायला थोडा उशीर होतो, पण सायकल कधी काढायची ते ठरवायला पुरेसा आहे.

आता यात एक मेख आहे. अष्टमीला सकाळी सहाला भरती म्हणजे सोयीची वाटते, पण अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती असते, पाणी कमी चढतं, चिखलाचा काही भाग उघडाच राहतो आणि पक्षी तिथेच रमतात. पौर्णिमा-अवसेला उधाण, पाणी भरपूर, पण वेळ भर दुपारची आणि एप्रिल-मेच्या उन्हात तेव्हा सायकल चालवायला मी तरी कोणाला सांगणार नाही. म्हणून दशमी ते द्वादशी बघा, शुद्ध असो वा वद्य. भरती साडेसात ते नऊच्या मधे येते, पाणीही उधाणाकडे चढत असतं. साधारण डिसेंबर ते मे या महिन्यांत कॅलेंडर उघडा आणि या तिथी शनिवार-रविवारी कधी येतात ते खूण करून ठेवा, पंचांग भिंतीवर असतंच.

तलावाच्या अगदी काठाशी सायकल नेऊ नका, घंटी वाजवू नका, लांबून बघा. एक पक्षी बिचकला की सगळा थवा उठतो आणि कच्छ-गुजरातकडून आलेल्या त्या पाखरांचं खाणं-विश्रांती सगळं मोडतं. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत तिचं नाव आलं, पण ही नेरूळची तळी अभयारण्याच्या बाहेर आहेत. त्यांच्यात भरतीचं पाणी शिरायच्या वाटा बुजल्या तर तळं सुकतं आणि पक्षी भरतीच्या वेळी जाणार कुठे. मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं म्हणून लिहितेय, तुम्ही काठावर गेलात आणि भराव पडताना दिसला तर फोटो काढून खारफुटीचं काम बघणाऱ्या, वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा. सायकलवरून फिरणाऱ्याला हे सगळ्यात आधी दिसतं.

ऐरोलीला याच कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून भरतीच्या वेळेनुसार बोट निघते. तुम्ही ठाण्याचे, तुम्हाला ते जवळ. सायकल नेरूळला आणि बोट ऐरोलीला, वेगवेगळ्या दिवशी करा.

येऊरला सायकलने जायचंय, आतल्या जंगलातल्या पायवाटांवर भाड्याची एमटीबी (माउंटन बाइक) चालेल का? (एक वाचक, वर्तकनगर)

उपवनपासून वर जाणारा डांबरी रस्ता आहे तिथपर्यंत चालेल, सकाळी कितीतरी लोक तो चढतात. आतल्या पायवाटा मात्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे शिरायचं नाही, आणि बिबट्याचं घर आहे ते, अंधार पडायच्या आत खाली या. चढाच्या आधी, पायांवर जोर यायच्या अगोदर गिअर हलका करा, चढात मधेच बदललात तर भाड्याच्या सायकलची चेन हमखास उतरते. उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत-सोडत या, सलग दाबून धरू नका. पावसात वळणांवर शेवाळ धरतं, तेव्हा उपवनच्या तलावाभोवतीच फिरा.

घोडबंदर रोडने गायमुखला सायकलने जाऊ का असं आणखी एकांनी विचारलंय. नको. ट्रेलर, कंटेनर आणि खोदलेला रस्ता. गायमुख चौपाटी बघायला बसने जा.

अटल सेतूवर सायकल? (एक वाचक, उलवे)

बंदी आहे. दुचाकी, रिक्षा, सायकल, काहीच चालत नाही.

आम्ही कॉलेजचे सहा जण, जुलैमध्ये सायकली घेऊन खारघर हिल आणि पांडवकडा करायचाय. (एक वाचक, पनवेल)

पांडवकड्याला पावसाळ्यात जायला बंदी असते, दरवर्षी आदेश निघतो, कारण तिथे मुलं वाहून गेलीत. धबधब्याचं पाणी वर डोंगरात पाऊस झाला की काही मिनिटांत चढतं, खाली ऊन असलं तरी. चोरवाटेने जाऊ नका, पोलिसांच्या भीतीने नाही, तुमच्या आयांसाठी सांगतेय.

खारघर हिल ऑक्टोबरमध्ये करा, डोंगर तेव्हाही हिरवा असतो आणि रस्ता कोरडा. वर फणसवाडी, चाफेवाडी हे आदिवासी पाडे आहेत, तिथल्या लोकांच्या अंगणातून ओरडत जाऊ नका, पाणी विकत घ्या तर त्यांच्याकडून घ्या. जुलैमध्ये सायकल चालवायचीच असेल तर खारघरच्या सेंट्रल पार्कच्या भोवतीचे रस्ते रुंद आहेत, भिजायला तेवढे पुरेत.

मी ५८ वर्षांची, रिटायर होऊन दोन महिने झाले. लहानपणी अलिबागला भाड्याच्या सायकलवर शिकले होते, मग लग्नानंतर कधी हातच लावला नाही. मुलगा म्हणतो आता कशाला. येईल का हो मला परत? (एक वाचक, बेलापूर)

काकू, येईल. तोल शरीराच्या लक्षात राहतो, विसरतं ते फक्त थांबणं आणि वळणं, म्हणून तेवढ्याचाच सराव करायचा.

पहिल्या दिवशी रस्त्यावर जायचंच नाही. सेक्टरातलं एखादं मोकळं मैदान किंवा सकाळचं रिकामं पार्किंग बघा. दांडी खाली झुकलेली सायकल घ्या, पाय वर टाकायला लागत नाही. वर ऐरोलीच्या ताईंना सीट वर घ्यायला सांगितलंय, तुम्ही मात्र पहिले दोन-तीन दिवस ती खालीच ठेवा, दोन्ही पाय टेकतील अशी, आणि पायडल न मारता पायाने ढकलत ढकलत जा, पाय उचलून जितकं तरंगता येईल तितकं. मग पायडल, मग ब्रेक लावून डावा पाय टेकून थांबणं, ते पुन्हा पुन्हा. एका हाताने हँडल धरून मागे वळून बघता येऊ लागलं की मगच आतल्या रस्त्यावर. मग सीट हळूहळू वर घ्या. गुडघ्याचं किंवा बीपीचं काही चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर आधी घाला.

आणि वाऱ्याचं एक लक्षात ठेवा. सकाळी खाडीवर वारा पडलेला असतो, अकरानंतर खारे वारे सुटतात आणि ते पश्चिम-वायव्येकडून येतात. बेलापूरहून नेरूळकडे जाताना तो अंगावर येतो, परतताना पाठीशी राहतो. म्हणजे तुम्हाला घरी येणं सोपं जाईल, वाशीकडून येणाऱ्यांना मात्र उलट. तरी नऊच्या आत घरी या.

मुलाला सांगा, पहिल्या दिवशी फक्त सोबत चाल, सायकल धरू नकोस. मागून सीट धरली की धरणाऱ्याकडेच लक्ष राहतं. आणि शनिवारी-रविवारी सकाळी भाड्याच्या दुकानात झुंबड असते, लेडीज सायकली आधी संपतात, त्यामुळे मंगळवार-बुधवार बघा आणि आदल्या दिवशी फोन करून एक बाजूला काढून ठेवायला सांगा. जमलं की इथे लिहून कळवा.